सॅमन शिकवायचा तर चोणकापासून

सॅमनचा व्हिडिओ मुलांना आवडतोच. थंडगार नदी, धबधब्यावर तोंड उघडून उभं असलेलं अस्वल, प्रवाहाविरुद्ध उड्या घेणारे लालबुंद मासे. पाच मिनिटं वर्ग चिडीचूप असतो. मग घंटा होते, सॅमन अलास्कातच राहतो आणि मुलं डबे उघडतात. डब्यात बऱ्याचदा मासळीच असते, पण ती कुठे जन्मली हे एकालाही सांगता येत नाही.

मी गोव्यातल्या एका मराठी शाळेत पाचवी ते सातवीच्या मुलांना विज्ञान शिकवते. आता मी सॅमन एकटा शिकवत नाही, त्याच्या जोडीला आपल्या खाडीतला चोणक मासा घेते. सॅमन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत परततो. चोणकाचं बरोबर उलट. जन्म नदीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यात, बालपण खाडीत, खारफुटीत, खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीत), पार वरच्या गोड्या पाण्यातसुद्धा, आणि अंडी घालायला परत मुखाकडे. दोघांनाही दोन्ही पाणी लागतात आणि मधला रस्ता मोकळा लागतो. मुलांना हा रस्ता दिसला की जीवनचक्र आणि संवर्धन असे दोन वेगळे धडे उरत नाहीत.

पहिल्यांदाच हा विषय घेणाऱ्या शिक्षकांसाठी मी करते ती पद्धत इथे देते आहे. सहा-सात तासिका, बाजाराची एक फेरी आणि मानशीवरची, म्हणजे खाजनाच्या बांधातल्या दारावरची, एक सकाळ, एवढं धरून चला.

आधी स्वतः बाजारात जा

वर्गात काही सांगण्यापूर्वी चोणक नीट बघून घ्या. रायगडकडे यालाच जिताडा म्हणतात, बंगालात भेटकी, ऑस्ट्रेलियात बारामुंडी. शास्त्रीय नाव लॅटिस कॅल्कारिफर. खालचा जबडा वरच्यापेक्षा पुढे आलेला, डोक्यामागे कपाळ किंचित खोलगट, शेपटी पंख्यासारखी गोल. या तीन खुणा मुलांना कधीही चुकत नाहीत.

सकाळी लवकर जा आणि मासळी विकणाऱ्या बाईंना विचारा, हा नदीचा, दर्याचा की पिंजऱ्यात वाढवलेला? त्यांना फरक कळतो आणि विचारलं की त्या मनापासून सांगतात. आपल्याकडे चोणकाची शेतीही होते. चेन्नईच्या केंद्रीय खारे जलजीवपालन संस्थेने १९९७ मध्ये बंदिस्त टाक्यांत त्याची अंडी-पिल्लं मिळवली, तेव्हापासून ती वाट खुली झाली. येताना वाटीभर खवले मागून आणा, ते कुणीही फुकट देतं.

एक सावधगिरी. हॉटेलांच्या मेनूवर ‘इंडियन सॅमन’ असतो, तो म्हणजे आपला रावस. त्याचा सॅमनशी काहीही संबंध नाही, कुळच वेगळं आहे. वर्गात कुणीतरी हे विचारणारच, उत्तर तयार ठेवा. खरोखर सॅमनसारखा, म्हणजे समुद्रातून नदीत चढून अंडी घालणारा भारतीय मासा हवा असेल तर हिलसा सांगा, कोकण-गुजरातकडचा पाला. गंगेवर फराक्का धरण १९७५ मध्ये सुरू झालं आणि हिलशाची वर जाण्याची वाट अडली. पूर्वी तो अलाहाबादेच्याही पुढे जात असे. मोठ्या वर्गाला ही गोष्ट जरूर सांगा.

जमिनीवर नदी काढा

फळ्यावर गोल काढून बाण दाखवू नका. तो गोल मुलं पाठ करतात आणि मासा विसरतात. व्हरांड्यात किंवा सभागृहात खडूने लांबच लांब नदी काढा. एका टोकाला सह्याद्री, दुसऱ्या टोकाला आग्वादचा किल्ला आणि समुद्र. मांडवी घेतलीत तर वरून म्हादई, मध्ये वाळवंटी आणि खांडेपार मिळतात, खाली चोडण आणि पणजी. मुलं आपापल्या गावाच्या जागी उभी राहतात. ‘आमचं घर इथे!’ हा ओरडा झाला की नदी त्यांची झाली.

आता याच नदीवरून, ती थंड देशातली आहे असं समजून, आधी सॅमन चालवा. डोंगराच्या टोकाला खड्यांच्या खळग्यात मादी अंडी घालते. फुटून बाहेर आलेल्या पिल्लाच्या पोटाला बलकाची पिशवी लटकत असते, ती संपेपर्यंत ते खड्यांतच दडून राहतं. मग ते पोहायला लागतं, अंगावर उभे पट्टे येतात. समुद्रात जायची वेळ आली की पट्टे जाऊन अंग चंदेरी होतं, आणि आतूनही बदलतं, कारण आता खारं पाणी सोसायचं असतं. समुद्रात काही वर्षं काढून तो जन्माच्या नदीत परततो. प्रशांत महासागरातले सॅमन अंडी घातल्यावर मरतात. त्यांच्या देहांचं खत नदीकाठच्या जंगलाला मिळतं. अटलांटिकमधले काही मात्र पुन्हा समुद्राकडे जातात.

‘त्याला आपली नदी कळते कशी?’ हा प्रश्न मुलांकडून येऊ द्या. उत्तर आहे वास. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात आर्थर हॅस्लर यांनी १९५० च्या दशकापासून यावर प्रयोग केले. लहानपणी ज्या पाण्यात वाढला त्याचा वास सॅमनच्या स्मरणात राहतो आणि परतताना तो त्या वासाच्या मागावर जातो.

इथे थांबून खेळ घ्या, माझ्या वर्गात हा सगळ्यात लाडका आहे. चार झाकणाच्या डब्या घ्या. एकीत तिरफळं, एकीत भिंडाची सोलं (आमसुलं), एकीत ओवा, एकीत लिंबाचं पान चुरडून. प्रत्येक मुलाला एक डबी हुंगायला द्या, ‘ही तुझी नदी.’ मग डोळे बांधून त्याला समुद्राच्या टोकापासून चालवा आणि प्रत्येक उपनदीच्या तोंडाशी एकेक डबी नाकाशी धरा. आपल्या नदीत वळायचं. तिरफळवाली मुलं कधी चुकत नाहीत, ओव्याची गडबडतात. नंतर एका डबीत थोडा साबणाचा चुरा मिसळा आणि पुन्हा चालवा. निम्मी मुलं चुकतात. नदीत कारखान्याचं किंवा गटाराचं पाणी आलं तर माशाचं काय होतं, हे त्यानंतर मला वेगळं सांगावं लागलेलं नाही.

आता दिशा उलटी

दुसऱ्या दिवशी त्याच खडूच्या नदीवर चोणक चालवा, यावेळी आग्वादच्या टोकापासून. पावसाळ्याच्या सुमारास, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, संध्याकाळनंतर भरती चढत असताना मोठे चोणक मुखाशी अंडी घालतात. एक मोठी मादी लाखोंनी अंडी सोडते, प्रत्येक अंडं मिलिमीटरहूनही लहान. ती पाण्यावर तरंगतात आणि एका दिवसाच्या आत फुटतात. उधाणाचीच भरती का, हे मुलांना सुचवू द्या. सर्वात जोराची भरती तेव्हा असते, तीच अंड्या-पिल्लांना खाडीच्या आत ढकलते.

तरंगण्याचा प्रयोग करून दाखवा. एका ग्लासात साधं पाणी, एकात मिठाचं, दोन्हींत कोंबडीचं ताजं अंडं. साध्या पाण्यात ते बुडतं, अर्ध्या लिटरला चार-पाच मोठे चमचे मीठ घातलं की वर येतं. मात्र समुद्राचं पाणी इतकं खारट नसतं, हे प्रामाणिकपणे सांगा. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यात कोंबडीचं ताजं अंडं बुडेल. चोणकाच्या अंड्यात तेलाचा थेंब असतो आणि ते हलकं असतं, म्हणून त्याला तेवढा खारटपणा पुरतो. मुखाशी पाणी फार गोडं झालं तर तेही खाली बसतं.

पिल्लं खारफुटीच्या मुळांत, खाडीच्या फाट्यांत, खाजनाच्या पाण्यात शिरतात. तिथे खायला कोळंबीची पिल्लं असतात आणि मोठ्या माशांपासून आडोसा. बोटभर चोणक तपकिरी असतो आणि त्याच्या कपाळावरून पाठीपर्यंत पांढरी रेघ जाते, मधोमध भांग पाडावा तशी. पागेर, म्हणजे फेकायचं जाळं, टाकणाऱ्या एका आजोबांनी पहिल्यांदा तो मला ओंजळीत धरून दाखवला होता. एवढ्याशा माशाने जबडा वासला तर आत माझ्या करंगळीचं टोक मावलं असतं. आजोबांनी वाकून त्याला पुन्हा पाण्यात सोडला, फेकला नाही. तेव्हापासून मी मुलांना मासा पाण्यात ‘ठेवायला’ शिकवते.

नर, मग मादी

इथे नवे शिक्षक अडखळतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. चोणक साधारणपणे आधी नर असतो. तीन-चार वर्षांचा होऊन मुखाशी येतो, काही हंगाम नर म्हणून घालवतो आणि आणखी मोठा झाला की मादी होतो. म्हणजे मोठे चोणक बहुतेक माद्या, लहान बहुतेक नर.

हे सांगताना संकोच नको, आणि माणसांशी तुलनाही नको. शंख, झाडं, मासे यांच्यात निसर्गाने अशा कितीतरी रीती ठेवल्या आहेत, एवढं म्हणून पुढे जा. मुलं हसतात, दोन मिनिटांत थांबतात आणि मग कामाचा प्रश्न विचारतात. एका मुलीने मला विचारलं होतं, ‘बाई, मग आपण सगळे लहानच खाल्ले तर आया होणार कोण?’ मी तो प्रश्न तसाच फळ्यावर लिहिला आणि त्याखाली दुसरा लिहिला, ‘आणि सगळे मोठेच खाल्ले तर?’

मग ऑस्ट्रेलियाचं उदाहरण द्या. क्वीन्सलँडच्या पूर्व किनाऱ्यावर ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान बारामुंडी ठेवता येत नाही आणि १२० सेंटिमीटरपेक्षा मोठीही नाही. दोन्ही परत सोडाव्या लागतात. पट्टी हातात देऊन ५८ आणि १२० जमिनीवर आखायला लावा. १२० ची रेघ आखली की पाचवीतली मुलं शेजारी आडवी होऊन बघतात, आपण केवढे ते.

खवल्याची तासिका

बाजारातून आणलेले खवले साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, जुन्या टूथब्रशने हलके घासा, वाळवा. दोन काचपट्ट्यांच्या मध्ये एक खवला ठेवून खिडकीकडे धरा आणि भिंग लावा. मध्यापासून कडेकडे बारीक वलयं जाताना दिसतात, ओल्या वाळूवर लाटेने रेघा सोडाव्यात तशी. मासा वाढतो तसा खवलाही वाढतो. थंड प्रदेशातल्या सॅमनच्या खवल्यावर हिवाळ्यात वलयं दाट होतात, म्हणून त्याचं वय वाचता येतं. आपल्या उबदार पाण्यात ही खूण तितकी स्पष्ट नसते. त्यामुळे वय सांगायच्या फंदात पडू नका, वलयं काढायला लावा. चित्र काढताना मुलं जे बघतात ते सांगून दिसत नाही.

मानशीवरची सकाळ

खाजन म्हणजे खाडीकाठची, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली जमीन. त्यात कोरगुटासारखं खारट माती सोसणारं भात आणि मासळी दोन्ही निघतात. बांधातलं दार म्हणजे मानस, आतलं तळं म्हणजे पोंय. मानशीची लाकडी दारं पाण्याच्या दाबानेच हलतात. भरती चढली की मिटतात, सुकतीला, म्हणजे ओहोटीला, आतलं पाणी बाहेर ढकलतं तेव्हा उघडतात. किती पाणी आत घ्यायचं हे माणूस ठरवतो, आणि त्या पाण्याबरोबर पिल्लं आत येतात. चोणक, शेवटे, काळुंदर, सुंगटं, सगळ्यांची बालवाडी हीच.

पहिल्या वर्षी मी चाळीस मुलांना घेऊन ऐन भरतीला गेले. दारं बंद, सगळीकडे चहासारखं पाणी, बघायला काहीच नाही. मुलांनी तासभर बांधावर बसून चिवडा खाल्ला आणि आम्ही परतलो. वेळेचं गणित मी केलंच नव्हतं.

ते गणित सोपं आहे आणि मुलांकडूनच करून घ्यावं. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाला, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. साधारण सहा तासांनी सुकती पूर्ण होते. अष्टमी-नवमीला सकाळी नऊ ते अकरा पाणी उतरत असतं, शाळेच्या वेळेला ते बरोबर बसतं. उधाणाएवढा जोर त्या दिवशी नसतो, पण दार उघडलेलं आणि पाणी वाहताना दिसतं, तेवढं पुरे. पक्की वेळ भरतीच्या छापील तक्त्यात तपासा.

परवानगीशिवाय जाऊ नका. कूळ संघटनेला आणि मानशीची मासेमारी लिलावात घेतलेल्या माणसाला आधी भेटा. तो चांगला असेल तर अर्धा धडा तोच शिकवतो. दर दहा मुलांमागे एक मोठं माणूस, पायात पट्ट्याच्या चपला आणि कुणाही मुलाने पाण्याच्या कडेला उतरायचं नाही. मांडवी-झुवारीच्या फाट्यांत, कुंभारजुव्याच्या बाजूला तर नक्कीच, मगरी आहेत. बोरी-दुर्भाट भागातली मुलं वर्गात असतील तर त्यांना मानगे थापणीबद्दल बोलू द्या. खाजनातल्या चिखलाची मगर करून पौषात तिची पूजा करतात. परतल्यावर त्याच हाताने चिखलाचा चोणक करायला सांगा, खालचा जबडा पुढे हवा.

मानशीजवळ करायचं काम एकच. आतल्या आणि बाहेरच्या पाण्याचा एकेक नमुना बाटलीत घ्या आणि वर्गात दोन ताटल्यांत उन्हात आटवा. कुठल्या ताटलीत मीठ जास्त उरलं, ते वहीत लिहा. बाटल्या मोठ्यांनीच भरायच्या.

मानस मोडलेली असली किंवा सिमेंटने बुजवलेली असली तरी तिथे जरूर न्या. दार बंद झालं तर पिल्लांचं काय होतं, हे बुजलेल्या मानशीसमोर उभं राहून जसं कळतं तसं भाषणाने कळत नाही. मग सॅमनची बाजू सांगा. अमेरिकेत क्लॅमथ नदीवरची चार धरणं पाडण्याचं काम २०२४ मध्ये पूर्ण झालं आणि काही आठवड्यांतच सॅमन वरच्या भागात दिसले. शंभर वर्षांहून अधिक काळ ते तिथे पोचले नव्हते.

मासे वर्गात वाढवू नका

कॅनडा-अमेरिकेत शाळांना सॅमनची अंडी देतात, मुलं थंड पाण्याच्या टाकीत पिल्लं वाढवून नदीत सोडतात. ते पाहून उत्साहाने चोणकाची पिल्लं आणावीशी वाटतील. आणू नका. चोणकाची पिल्लं एकमेकांना खातात. उबवणी केंद्रातसुद्धा दर काही दिवसांनी आकारानुसार वेगळी करावी लागतात, नाहीतर मोठं लहानाला गिळतं. शाळेच्या काचपेटीत शनिवार-रविवारनंतर दोनच उरतील आणि सोमवारी मुलं रडतील. शिवाय कुठलीही पिल्लं कुठल्याही नदीत सोडणं चुकीचंच आहे, रोगही जातात आणि स्थानिक माशांच्या वंशात भेसळही होते.

त्यापेक्षा वही करा. आम्ही तिला ‘नुस्त्याची वही’, म्हणजे मासळीची वही, म्हणतो. घरी आलेल्या माशाचं नाव, पट्टीने मोजलेली लांबी, कुठून आणला, आणि पोटात गाबोळी होती का. महिन्याला दहा नोंदी पुरेत. आई-आजीला विचारून एक रकाना जास्तीचा भरायचा, ‘तुमच्या लहानपणी केवढा असायचा?’ आजीने दोन्ही हात पसरून दाखवलेलं अंतर मुलं पट्टीने मोजून आणतात. ते शास्त्रीय माप नाही, मला कळतं. तरी तो रकाना मी काढणार नाही, कारण त्या दिवशी घरात नदीबद्दल बोलणं होतं.

जून आणि जुलैची पानं रिकामी राहिली तर का, तेही त्यांना शोधू द्या. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस गोव्यात यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, कारण बऱ्याच माशांचा अंडी घालण्याचा हा काळ. मुलांच्या हातात कायदा नाही, पण बाजारात ‘काकी, ह्याहून मोठा नाही का?’ असं विचारणं आहे. वीतभर चोणक घरी आणू नका, एवढं एक मूल सांगू शकतं आणि सांगतंही. एका मुलाच्या वडिलांनी मला येऊन सांगितलं, ‘बाई, पोराने मला बाजारात पट्टी काढायला लावली.’

वर्ष संपताना खवले फेकू नका. धुऊन वाळवलेले खवले कागदी पाकिटात घालून पाकिटावर तारीख, माशाची लांबी आणि आणणाऱ्या मुलाचं नाव लिहा. प्लास्टिकची पिशवी नको, पावसाळ्यात बुरशी येते. कपाटात वरच्या खणात डबा ठेवून आत थोडे तांदूळ टाका. पुढच्या वर्षीच्या मुलांना पहिली तासिका त्या डब्यातूनच द्यायची.